मोजलेले नाही ते लिहू नका

प्रश्न असा आहे: ज्या गृहस्थांच्या ओटीवर दर शनिवारी दुपारी कर्जत आणि खालापूर भागातली माणसे आपापले आकड्यांचे तक्ते घेऊन बसत, त्यांच्याकडे ती माणसे यायची का थांबली? गावात याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे, की त्यांनी सर्वांना चुकीचे शिकवले. दुसरे असे, की ती चूक त्यांनी नको तितकी उगाळली. दोन्ही ऐकून घेतल्यावरही माझी शंका उरली, आणि शंका उरली की ती लिहून काढावी ही सवय मला त्याच ओटीवर लागली.

त्या गृहस्थांचे नाव मी देत नाही. सगळे त्यांना काका म्हणत. शेतीखात्याच्या एका लहानशा कचेरीत ते आकडेमोडीचे काम पाहत आणि नदीपलीकडे दहिवलीला भाड्याच्या घरात राहत. अंगाने किडकिडीत, चालणे भराभर, आणि सदऱ्याच्या खिशाला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. ती दोऱ्याने का बांधली, असे विचारले तर सांगत, "लोक शंका परत नेतात आणि पेन्सिलही नेतात."

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. सत्तरीचे दशक संपत आले होते. तोवर सरासरी, फरक, परस्परसंबंध असे सगळे हिशेब हाताने हँडल फिरवायच्या यंत्रावर होत. त्याच सुमारास मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर आकडेशास्त्राचे तयार प्रोग्राम वापरायची सोय झाली. आपण चौकटींच्या कागदावर आकडे भरून पाठवायचे. तिकडे त्यांची भोके पाडलेली कार्डे होत, कार्डे यंत्रात जात, आणि काही आठवड्यांनी रुंद कागदाच्या घड्यांची चळत परत येई. त्या घड्यांवर उत्तर असे. ते वाचायचे कसे, आणि कागद भरताना कोणती चूक टाळायची, हे सांगणारे आमच्या बाजूला कोणीच नव्हते. काकांना ते थोडे कळत होते, म्हणून लोक त्यांच्याकडे येऊ लागले. खोपोलीच्या एका कारखान्यात मालाची प्रत तपासणारे गृहस्थ येत. खालापूरकडच्या गावांतून बाळांची वजने घेणाऱ्या नर्सबाई येत. काकांच्याच कचेरीतला गौतम येई. मी कर्जतच्या शाळेत गणित शिकवत होते आणि शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी मुलींच्या गुणांवर एक प्रबंध लिहीत होते, म्हणून मीही जाऊ लागले.

काकांचा पहिला नियम असा, की प्रश्न विचारणाऱ्याने आकडा न उच्चारता प्रश्न सांगायचा. नर्सबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा घाईत होत्या. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "काका, माझा टी किती यायला पायजे?"

काका म्हणाले, "ते आत स्वयंपाकघरात विचारा. मी अर्धा कप घेतो."

"तो टी नाय हो! कागदावरचा टी, फरक खरा का ते सांगनारा."

"तो किती यायला पाहिजे हे ठरवून आलात, तर मुंबईला कार्डं कशाला पाठवलीत? बसा. आकडा बाजूला ठेवा आणि तुम्हाला काय जाणून घ्यायचंय ते सांगा."

नर्सबाईंनी सांगितले, की डोंगराकडच्या वाड्यांमधली बाळे खालच्या गावांतल्या बाळांपेक्षा खरोखर हलकी आहेत का, की आपल्याला उगाच तसे वाटते, हे त्यांना पाहायचे आहे. काका लगेच सरळ होऊन बसले. "हा प्रश्न आहे," ते म्हणाले. "आता आकडे काढा."

दुसरी गोष्ट 'नाही' या शब्दाची. आमच्याकडच्या बोलीत 'नाय' म्हटले की पुष्कळ वेळा तेवढ्यावरच भागते. काकांचे भागत नसे. बाजारात भाजीवालीने "वांगी नाय" म्हटले, की ते विचारत, "संपली, की आणलीच नाहीत?" ती एकदा वैतागून म्हणाली, "काका, संपली काय नि आनली नाय काय, तुमची पिशवी रिकामीच जानार ना घरी?" काका मान हलवून पुढे गेले, पण तिचे म्हणणे त्यांना पटलेले नव्हते. कचेरीतल्या शिपायाची गोष्ट तर ते स्वतःच सांगत. पावसाच्या मापाच्या तक्त्यात त्याने एका दिवशी शून्य लिहिले होते.

काकांनी विचारले, "काल पाऊस नाही?"

"नाय साहेब."

"पाऊस पडला नाही, की तू माप बघितलं नाहीस?"

शिपाई म्हणाला, "दोनीबी नाय साहेब."

या गोष्टीवर सगळे हसत. काका हसत नसत. त्यांचे म्हणणे असे, की न पाहिलेल्या दिवसापुढे शून्य लिहिणे म्हणजे आकाशावर आळ घेणे होय. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात तक्त्यातली मोकळी जागा वाईट दिसते म्हणून कोणी तिथे शून्य भरी, कोणी शेजारचा आकडा उतरवी, कोणी अंदाजाने काहीतरी लिही. काका त्या सर्वांशी भांडले होते, बढतीच्या वेळी त्याची किंमतही त्यांनी मोजली होती. म्हणून ओटीच्या भिंतीवर, कुठल्याशा शाळेने काढून टाकलेल्या फळ्यावर, त्यांनी मोठ्या अक्षरांत एकच वाक्य लिहून ठेवले होते: 'मोजलेले नाही ते लिहू नका.' नवा माणूस आला की त्याला ते वाक्य मोठ्याने वाचावे लागे. मीही वाचले. वर्गात फळ्यासमोर उभी राहणारी मी, तेथे विद्यार्थिनीसारखी उभी राहिले.

तिसरी सवय तपासणीची. मुंबईहून आलेल्या चळतीत सुरुवातीला आपले मूळ आकडे यंत्राने जसे वाचले तसे छापलेले असत. काका त्यातल्या पहिल्या दोन ओळी आपल्या कागदाशी ताडून पाहत, आणि जुळल्या की "पुढे चला" म्हणत. पहिल्या दोनच का, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "कार्डं करणारा माणूस चुकला तर सुरुवातीलाच चुकतो. नंतर हात बसतो." हे निरीक्षण खरे होते. ते माणसाच्या चुकीविषयी होते.

आता गौतमविषयी. हा भिसेगावचा, छप्पन्नच्या दीक्षेनंतर जन्मलेला. वडील लवकर गेले. आईने लोकांच्या शेतांवर राबून त्याला शिकवले होते. कचेरीत तो शेतावरच्या प्रयोगांची देखरेख करी आणि नोकरी सांभाळून वरच्या पदवीचा अभ्यास करी. त्याच्या प्रबंधाचा विषय राब हा होता. आमच्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी त्या जमिनीवर झाडांच्या फांद्या, शेण, गवत पसरून ते भाजतात. त्यासाठी तोडलेल्या पानेरी फांद्यांना कवळ म्हणतात, आणि कवळाचे भारे डोंगरातून डोक्यावर वाहून आणायचे काम बायकांचे. राब न भाजता वाढवलेली रोपे लावली तर उत्पन्न घटते का, असा गौतमचा प्रश्न होता. खालापूरकडच्या एका शेतात त्याने चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवले, लावणी केली, कापणी केली, वजने घेतली. उत्तर आले, की घटते, आणि पुष्कळ घटते. प्रबंध दाखल झाला. तोंडी परीक्षा बाकी होती. एका शेतकी महाविद्यालयातली शिकवण्याची जागा त्याला मिळाल्यातच जमा होती. पदवीचा कागद तेवढा हवा होता. त्या दिवसांत तो ओटीवर आला की नर्सबाई त्याला "या प्रोफेसर" म्हणत आणि तो खाली मान घालून हसे.

अशा एका शनिवारी मी माझ्या मुलींच्या गुणांची चळत घेऊन गेले. सहामाहीच्या गणिताची यंत्राने काढलेली सरासरी, मी हाताने काढलेल्या सरासरीपेक्षा बरीच कमी आली होती.

"बाई, तुमची बेरीज पुन्हा करा," काका म्हणाले.

"पुन्हा पुन्हा केलीय काका."

त्यांनी हँडलचे यंत्र पुढे ओढले आणि स्वतः करून पाहिली. माझी बेरीज बरोबर होती. मग त्यांनी माझे हजेरीपत्रक हातात घेतले. "या नावांपुढे गैरहजर लिहिलंय. कागदावर तिथे तुम्ही काय भरलंत?"

"काहीच नाही. मोकळं सोडलं. फळ्यावर आहे तसं."

"बरोबर केलंत." त्यांनी चळतीच्या घड्या जमिनीवर उलगडल्या. पहिल्या दोन ओळी पाहून ते नेहमीप्रमाणे थांबले, आणि मग, आम्ही कोणी कधी पाहिले नव्हते तसे, त्यांचे बोट तिसऱ्या ओळीवर, चौथ्या ओळीवर, तसेच खाली खाली सरकत गेले. एका जागी ते अडले.

"बाई, ही मुलगी परीक्षेला बसली होती?"

"नाही काका. परीक्षेच्या दिवसांत ती घरच्या कापणीला गेली होती."

"मग हिला शून्य कुणी दिलं?"

कारखान्यातले गृहस्थ म्हणाले, "काका, मुंबईला पेपर तपासतात वाटतं!" सगळे मोठ्याने हसले. गौतमही हसला. मग त्याचे हसणे एकदम थांबले. ते मला दिसले, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

वाचकांना हा मुद्दा नीट समजावा म्हणून एक लहान उदाहरण देते. चार मुली आहेत. तिघींना चाळीस, पन्नास आणि साठ गुण आहेत, चौथी गैरहजर आहे. परीक्षा दिलेल्या मुलींची सरासरी पन्नास. पण चौथीला शून्य धरून चारांनी भागले तर साडेसदतीस. चौथीला गणित येते की नाही याविषयी आपल्याला काहीच माहीत नाही, आणि तरी तिच्यामुळे सगळा वर्ग कच्चा ठरतो. हाताने हिशेब करणारा माणूस मोकळी जागा पाहून तिला वगळतो. यंत्र वगळत नव्हते.

काका रजा काढून मुंबईला गेले आणि तिथे काय झाले ते त्यांनी पुढच्या शनिवारी उभे राहून सांगितले. तिथल्या तरुण माणसाने त्यांना आदराने बसवले होते. तो म्हणाला, "कोरं म्हणजे शून्यच वाचतो हा प्रोग्राम. पुस्तकात दिलंय तसं. आकडा नसेल तिथं नऊशे नव्व्याण्णव भरायचं, आणि नऊशे नव्व्याण्णव धरू नकोस असं प्रोग्रामला सांगायचं."

काकांनी विचारले होते, "म्हणजे जे नाही ते लिहायचं?"

"खोटं लिहायचं आणि खोटं आहे म्हणून सांगायचं. इतकंच आहे काका."

हे सांगताना काकांचा आवाज नेहमीसारखाच होता. "इतकंच आहे," ते पुन्हा म्हणाले. मग फळ्याकडे पाठ करून खाली बसले. जन्मभर ज्या एका गोष्टीसाठी ते लोकांशी भांडले तीच या यंत्रापुढे चूक ठरली होती, आणि ती चूक त्यांनी आम्हा सर्वांना मोठ्याने वाचायला लावून शिकवली होती.

त्यानंतर काकांनी जे केले ते काही वेळा मी स्वतः पाहिले, म्हणून सांगू शकते. ते प्रत्येकाच्या घरी गेले. "तुमच्या हिशेबावरून कळलं, तुम्ही सोबत असलात तर लोकांना नीट समजावता येईल," असे म्हणून त्यांनी मला दोन ठिकाणी नेले.

पहिले घर नर्सबाईंचे. ज्या बाळांचे वजन घेता आले नव्हते त्या सर्वांचे वजन यंत्राने शून्य धरले होते. अशी बाळे डोंगराकडच्या वाड्यांतच जास्त होती, कारण तिथवर काटा वेळेवर पोचत नसे. काकांनी हे समजावून सांगितले. नर्सबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"काका, त्या अहवालावर वाड्यांना दुधाची पावडर मिळायला लागली. म्हायतीय ना तुमाला?"

"माहीत आहे."

"मग आता खरं सांगून ती बंद करायची का?"

"बाळं हलकी असतीलही. पण किती हलकी, ते आपल्याला माहीत नाही."

"मला म्हायतीय. मी हातात घेतलीत ती." त्या उठल्या आणि आमच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. पाणी पिऊन आम्ही निघालो. बाहेर पडल्यावर काका मला म्हणाले, "त्यांचं चुकत नाही. माझंही चुकत नाही. हे कुठल्या तक्त्यात बसवायचं, बाई?"

दुसरे घर गौतमचे. दार उघडेच होते. त्याची आई सुपात तांदूळ निवडत होती. गौतम बाहेर आला.

काका उभ्याउभ्याच म्हणाले, "गौतम, मी माफी मागायला आलोय."

"आधी बसा तर काका. आये, पानी दे."

काका बसले नाहीत. "तुझ्या शेताच्या कोपऱ्यात गुरं शिरली होती. तिथल्या वाफ्यांची वजनं तू घेतली नव्हतीस. ते वाफे कुठले होते?"

"चिठ्ठ्यांत तिथं बिगर राबाचेच जास्त आले होते," गौतम म्हणाला. "मला त्याच दिवशी कळलं काका. बाईंच्या कागदावर तुमचं बोट अडलं ना, तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तोंडी परीक्षा तोंडावर हाय. जागा अडलीय पदवीसाठी."

काकांनी विचारले, "हिशेब पुन्हा केलास?"

"केला. न करून कसं चालेल? तुमच्याकडंच शिकलो ना."

"काय आलं?"

"काय नाय. राब भाजा नायतर नको भाजा, भात सारखंच."

सुपातला हात थांबला. आई म्हणाली, "काय म्हनतोस रं? राब नाय भाजला तरी भात तेवडंच?"

"त्या साली, त्या शेतात, तेवडंच आये."

"मंग आमी जलमभर कवळाचे भारे वाह्यले ते कशाला?"

काकांनी अगदी हळू आवाजात उत्तर दिले, "वहिनी, एका शेतावरच्या एका वर्षाच्या आकड्यांवरून असं म्हणता येत नाही."

"तुमचं बरं हाय," ती म्हणाली. "तुमाला म्हनता येत नाय. माजी मान दुखतीया, ती मला म्हनता येतीया."

शास्त्राच्या दृष्टीने काकांचे वाक्य निर्दोष होते. पण ते बोलल्याचा पश्चात्ताप त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला. ते गौतमकडे वळले. "मी तुझ्या मार्गदर्शकांना लिहितो. चूक माझी आहे. तुला मी सांगितलं म्हणून तू मोकळं सोडलंस."

"नको काका."

"का नको?"

"प्रबंधावर नाव माझं हाय. आता ती चूक माझी."

पुढच्या आठवड्यात गौतमने जाऊन प्रबंध परत मागून घेतला. मार्गदर्शक चिडले. फरक नाही असे उत्तर आलेला प्रबंध कोण वाचणार, आणखी एक हंगाम प्रयोग करा, असे त्यांनी सांगितले. त्या हंगामासाठी गौतमला रजा मिळाली नाही. महाविद्यालयातली जागा दुसऱ्या उमेदवाराला गेली. गौतम कचेरीत त्याच हुद्द्यावर राहिला. प्रबंध पुन्हा दाखल झाला नाही.

काकांनी फळा पुसला आणि नवीन मजकूर लिहिला: 'मोजलेले नाही तेथे ९९९ लिहा आणि ते धरू नये असे यंत्राला सांगा. आधीची सूचना माझी होती. ती चुकीची होती.' खाली सही केली. ओटी रस्त्यालगत होती, त्यामुळे येणारे-जाणारे तो मजकूर वाचत. शाळेची मुले जाताना ओरडत, "नऊशे नव्व्याण्णव काका!" काका त्यांना बोलावून त्याचा अर्थ समजावून सांगू लागत आणि मुले पळून जात.

शनिवारी चटया पूर्वीसारख्याच घातल्या जात. सुरुवातीला कारखान्यातले गृहस्थ आले, आणखी काही आले, मग एकेक गळत गेले. मी जात राहिले. पुष्कळ वेळा मी एकटीच असे. एकदा काकू मला आत बोलावून म्हणाल्या, "अगं, माणूस नवी अडचण घेऊन येतो, आणि हे म्हणतात आधी तुझा जुना तक्ता आण, त्यात मी काय बिघडवलंय ते बघू. कोण येईल मग?" बाहेर काका चटईच्या कडेला बसून पेन्सिलीला टोक काढत होते. टोक झाले तरी काढतच होते.

काही वर्षे गेली. काका निवृत्त झाले आणि त्यांची प्रकृती ढासळली. त्यांच्या जुन्या कचेरीत टेबलावर मावेल एवढा कॉम्प्युटर आला. तिथला नवीन माणूस माझा जुना विद्यार्थी होता, म्हणून मी एका सुटीत जाऊन तो पाहून आले. मुद्दाम मोकळी जागा ठेवून सरासरी काढून पाहिली. हा नवा प्रोग्राम मोकळी जागा मोकळीच समजत होता. मला आनंद झाला. काकांना सांगावे म्हणून मी तशीच दहिवलीला गेले. ते खाटेवर पडून होते.

"काका, नव्या यंत्रात कोरं म्हणजे कोरंच. तुमचं पहिलं वाक्यच आता बरोबर आहे."

"तपासलंत?"

"तपासलं. हातानेही करून पाहिलं."

त्यांना बरे वाटले असेल असे मी समजले. मग ते उठून बसायचा प्रयत्न करू लागले. "बाई, मग मधल्या वर्षांतले कागद? लोकांनी माझं ऐकून नऊशे नव्व्याण्णव लिहिलंय. ते कागद कुणी या नव्या यंत्रात घातले, आणि धरू नको हे सांगायचं राहिलं, तर यंत्र ते वजन म्हणून घेईल. गुण म्हणून घेईल."

"कोण घालणार आहे जुने कागद, काका?"

"कुणीतरी घालतंच. सांगायला हवं. त्यांना बोलवा. शनिवारी बोलवा सगळ्यांना."

मी सांगितले. काहींना प्रत्यक्ष भेटून, काहींना निरोप पाठवून. शनिवारी कोणी आले नाही. काकूंनी चटया घातल्याच नव्हत्या, पण खाटेवरून ओटी दिसत नसल्यामुळे काका विचारत राहिले, कोण कोण आलंय. काकू म्हणाल्या, "बाई आल्यात." त्यानंतरचा शनिवार त्यांनी पाहिला नाही.

गौतम अंत्ययात्रेला आला होता. परतताना आम्ही पुलापर्यंत बरोबर चाललो. मी त्याला सरळ विचारले, की तू त्यांच्यावर रागावला होतास का.

"नाय बाई. राग कशाचा?"

"मग इतकी वर्षं एकदाही का गेला नाहीस?"

"कचेरीत रोज दिसायचे ना ते मला. रोज माफी मागायचे. फाईल द्यायला गेलो तरी, चहाच्या वक्ताला तरी. मी म्हनायचो, काका, झालं ते झालं. ते म्हनायचे, झालं नाय, तुला जागा मिळाली नाय. आता सांगा, घरी जाऊन परत तेच ऐकू? माझं जे गेलं ते इसरायला मला रातभर लागायची आनि सकाळी कचेरीत ते परत ताजं करायचे. मानूस चांगला होता म्हनून तर सहन व्हायचं नाय."

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर त्यामुळे असे झाले आहे. चूक झाली म्हणून काही थोडे दूर गेले असतील. तपासायला लावले म्हणून काही गेले असतील. पण निदान एक माणूस असा होता, की ज्याची स्वतःची हानी कचेरीत रोज मोजली जात होती आणि ओटीवर पुन्हा मोजली गेली असती, आणि त्याला ती आणखी मोजून घ्यायची नव्हती. नर्सबाई बदली होऊन गेल्या, त्यांना मी विचारू शकले नाही. कारखान्यातल्या गृहस्थांनी बोलायचे टाळले. या दोघांचे उत्तर मी कोणत्याच बाजूला धरलेले नाही. एवढ्या थोड्या माणसांवरून ठाम विधान करता येत नाही, हे मला मान्य आहे.

आता एक विनंती. या भागातल्या शाळांत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत त्या वर्षांतले तक्ते अजून असतील. ज्यांच्याजवळ ते आहेत त्यांनी एक तक्ता काढावा. न मोजलेल्या जागी काय लिहिले आहे ते पाहावे, शून्य की ९९९ की काहीच नाही. मग फक्त मोजलेले आकडे घेऊन सरासरी स्वतः हाताने काढावी आणि छापील उत्तराशी ताडून पाहावी. पहिल्या दोन ओळींवर थांबू नये. शेवटच्या ओळीपर्यंत जावे.